संग्रहालय आणि छायाचित्रणाची हौस

यात्रेला जमणाऱ्या लोकांचे हौशे, नवशे आणि गवशे असे तीन वर्ग आपल्या भाषेनें फार पूर्वींच पाडून ठेविले आहेत. कलावस्तूंच्या संग्रहालयांत एखाद्या रविवारीं घटकाभर उभें राहिलें, तर हे तिन्ही वर्ग तेथेंहि आढळतात. मुंबईस आलों आहों तर संग्रहालय पाहिलेंच पाहिजे, एवढा संकल्प पुरा करण्यासाठीं आलेले ते नवशे. बाहेर ऊन फार आहे आणि आंत सावली आहे, झालेंच तर कोणी ओळखीचें भेटेल, या आशेनें शिरलेले ते गवशे. आणि पाहण्याचीच गोडी म्हणून आलेले ते थोडेसे हौशे. अलीकडे या शेवटच्या वर्गांत एका नव्या मंडळीची भर पडली आहे. तिच्या गळ्यांत कॅमेरा असतो, निदान हातांत मोबाईल तरी असतोच. छायाचित्रणाचा नाद लागलेलीं हीं माणसें केवळ आनंदासाठीं येत नाहींत. आपली नजर सुधारावी, आपलें काम पुढें जावें, अशीहि त्यांची इच्छा असते. त्यांनीं संग्रहालयांतून काय घ्यावें आणि काय तेथेंच ठेवून यावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे किंचित् नाक मुरडून उच्चारला जातो. हौशी नट म्हणजे पाठांतर कच्चें असलेला नट, आणि हौशी गवई म्हणजे ज्याचें गाणें मित्रांना शेवटपर्यंत ऐकावें लागतें असा गवई, हा अर्थ समाजांत रूढ आहे. छायाचित्रणाच्या इतिहासांत मात्र पारडें उलट बाजूस झुकलेलें दिसतें. धंदेवाल्याला गिऱ्हाईक सांभाळावें लागतें. आणि गिऱ्हाइकाला आपला चेहरा स्वच्छ, कपडे नीटनेटके व बिल थोडकें हवें असतें. हौशी मनुष्याला कांचा फुकट घालविण्याची मुभा असते. ही मुभा ज्यांनीं मन लावून वापरली त्यांच्या हातून या कलेंत पुष्कळ नवें घडलें आहे.

आतां मूळ प्रश्न. त्यावर दोन मतें ऐकूं येतात. पहिलें असें कीं, मोठमोठ्या चित्रकारांनीं रचनेचे नियम सिद्ध करून ठेविले आहेत; संग्रहालयांत जाऊन ते टिपून घ्यावे आणि कॅमेऱ्याला लावावे, म्हणजे झालें. या मताच्या लोकांचा मुख्य मंत्र म्हणजे तृतीयांशाचा नियम. चित्राच्या चौकटीचे उभे-आडवे तीन तीन भाग करावे आणि महत्त्वाची वस्तु त्या रेषांवर किंवा त्यांच्या छेदनबिंदूंवर आणावी, असा हा नियम आहे. तो आतां इतका सर्वमान्य झाला आहे कीं मोबाईलच्या पडद्यावर त्या रेषा आयत्या आंखून मिळतात. या मंत्राचें मूळ पाहिलें म्हणजे मात्र मौज वाटते. जॉन टॉमस स्मिथ नांवाच्या इंग्रज चित्रकारानें १७९७ सालीं ग्रामीण देखाव्यांवरील आपल्या पुस्तकांत तो मांडला. त्याचा रोख क्षेत्रांच्या प्रमाणावर होता: जमीन एक तृतीयांश तर आकाश दोन तृतीयांश, अशा विषम वांटणीनें देखावा निम्म्यानिम्म्या वांटणीपेक्षां अधिक गोड दिसतो, असें त्याला सुचवावयाचें होतें. हा स्मिथ पुढें १८१६ पासून ब्रिटिश म्यूझियममध्यें मुद्रितचित्रांच्या विभागाचा प्रमुख होता. म्हणजे पुष्कळ चित्रें पाहिलेल्या एका माणसाचें तें निरीक्षण होतें. ज्यांनीं चित्रें पाहिलींच नाहींत त्यांच्या हातीं तें आज आज्ञापत्र होऊन बसलें आहे. पाहण्याचें फळ घ्यावयाचें आणि पाहण्याचे श्रम टाळावयाचे, असा हा प्रकार आहे.

दुसरें मत याच्या अगदीं उलट. चित्रकला आणि छायाचित्रण यांचा कांहीं एक संबंध नाहीं, छायाचित्रकारानें रस्त्यावर जावें, बाजारांत जावें, संग्रहालयाची पायरी चढूं नये, असें हे लोक म्हणतात. त्यांच्या या रागाला कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत छायाचित्राला चित्राची प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठीं विलक्षण खटपटी झाल्या. रेय्लँडर यानें १८५७ सालीं तीसांहून अधिक निगेटिव्ह जोडून सन्मार्ग व कुमार्ग यांचें एक भलें मोठें रूपक सिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं रॉबिन्सन यानें पांच निगेटिव्ह जोडून एका मरणोन्मुख मुलीचा देखावा रचला. पीटर हेन्री एमर्सन या वैद्यकी शिकलेल्या हौशी छायाचित्रकारानें १८८९ सालीं एक अख्खा ग्रंथ लिहून या कृत्रिमपणावर हल्ला चढविला, आणि लौकरच स्वतःच्याच सिद्धांताचें श्राद्ध घालणारी पुस्तिका काढून वाचकांना बुचकळ्यांत टाकलें. हा वाद येथें उगाळण्याचें कारण नाहीं. त्या सर्व खटपटींत नक्कल बरीच होती एवढें खरें. परंतु नक्कल वाईट म्हणून पाहणेंच वर्ज्य, हें अनुमान आम्हांस पटत नाहीं.

आमच्या मतें या दोन्ही पक्षांचा निकाल एकाच व्यक्तीच्या कामावरून लावतां येतो. ती व्यक्ति म्हणजे ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन. या बाईंचा जन्म १८१५ सालीं कलकत्त्यास झाला. त्यांचे वडील कंपनी सरकारच्या नोकरींत होते. त्यांचे यजमान चार्ल्स हे कॅमेरॉन मेकॉलेबरोबर लॉ कमिशनवर होते आणि पुढें गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलांत कायद्याचे सभासद झाले. १८४८ सालीं हें कुटुंब इंग्लंडास परतलें आणि कालांतरानें आइल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर या गांवीं कवि टेनिसन यांच्या शेजारीं राहूं लागलें. १८६३ च्या डिसेंबरांत मुलीनें व जांवयानें आईला वेळ घालविण्यास म्हणून एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळीं बाईंचें वय अठ्ठेचाळीस होतें. ज्या वयांत आपल्याकडे माणूस आतां काय शिकायचें उरलें आहे असें म्हणूं लागतो, त्या वयांत या बाईंनीं कोळशाच्या कोठीची अंधारी खोली केली, कोंबड्यांच्या खुराड्याचें काचघर केलें, आणि काळ्या झालेल्या बोटांची तमा न बाळगतां काम सुरू केलें. काम सोपें नव्हतें. कांचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती रौप्यद्रावांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची आणि ओली असतांनाच धुवावयाची. बसणाऱ्यानें कित्येक मिनिटें पापणीहि न हलवितां बसावयाचें. जानेवारी १८६४ मध्यें ॲनी नांवाच्या एका लहान मुलीचें छायाचित्र साधलें. त्यालाच त्या आपलें पहिलें यश म्हणत. १८६५ सालीं साउथ केन्सिंग्टन म्यूझियमनें, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियमनें, त्यांचीं छायाचित्रें विकत घेतलीं व मांडलीं, आणि १८६८ सालीं तर त्यांना माणसें बसवून छायाचित्रें काढण्यासाठीं संग्रहालयांतच दोन खोल्या वापरावयास दिल्या. हौशी छायाचित्रकार आणि संग्रहालय यांचा इतका निकट संबंध त्यापूर्वीं कोठें आला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

या बाईंनीं चित्रें मनापासून पाहिलीं होतीं. इटलींतील जुन्या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रती छापणाऱ्या अरुंडेल सोसायटीच्या त्या सभासद होत्या. चित्रकार वॉट्स हा त्यांचा मित्र व टीकाकार होता. तेव्हां त्यांच्या कामांत चित्रांचें ऋण कोठें फळलें आणि कोठें बुडालें, हें पाहणें उद्बोधक आहे.

१८६७ सालच्या एका छायाचित्राला त्यांनीं ‘एल्गिन मार्बल्सपासून मिळालेले धडे’ अशा अर्थाचें नांव दिलें आहे. ब्रिटिश म्यूझियमांत पार्थेनॉनच्या पूर्वेकडील त्रिकोणी शिखरभागांतली एक स्त्रीमूर्तींची जोडी आहे: एक दुसरीच्या मांडीवर रेललेली, दोघींचींहि मस्तकें काळानें नाहींशीं केलेलीं. बाईंनीं दोन तरुणींना घोळदार वस्त्रें नेसवून त्याच ठेवणींत बसविलें. फळ काय झालें? संगमरवरांत वस्त्राच्या चुण्यांखालून देहाचा ओघ वाहतो. शिल्पकारानें प्रत्येक चुणी देहाच्या वळणासाठीं निर्माण केली आहे. छायाचित्रांत चुण्या कापडाच्याच राहतात, त्या देहाविषयीं कांहीं सांगत नाहींत. आणि ज्या चेहऱ्यांचा मूळ मूर्तींत अभाव आहे तेच येथें आपलें लक्ष वेधून घेतात. शिक्षकाचे शब्द पाठ म्हणून दाखवावे आणि अर्थ विचारतांच गप्प बसावें, तशी या धड्याची स्थिति झाली आहे.

त्याच वर्षीं त्यांनीं वृद्ध शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचीं छायाचित्रें घेतलीं. ज्या हायपोनें छायाचित्र पक्कें होतें त्याचा रौप्यक्षार विरघळविण्याचा गुण १८१९ सालीं दाखवून देणारे हेच हर्शेल. त्या वेळीं ते पंचाहत्तर वर्षांचे होते. बाईंनीं त्यांना केस धुवावयास लावून ते विस्कटलेलेच ठेवले, अंगाभोंवतीं काळें वस्त्र गुंडाळलें, आणि एका बाजूनें उजेड येऊं दिला. या छायाचित्रांत आसन नाहीं, पुस्तक नाहीं, दुर्बीण नाहीं, शास्त्रज्ञपणाची एकहि खूण नाहीं. काळोखांतून एक मस्तक वर आलें आहे. पांढऱ्या केसांना उजेड चिकटला आहे, डोळ्यांखालच्या सुरकुत्यांत तो अडकला आहे, आणि गालाच्या पलीकडे तो संपला आहे. रेम्ब्रांटचीं म्हाताऱ्या माणसांचीं चित्रें ज्यानें पाहिलीं असतील त्याला हें कोठून आलें तें सांगावयास नको. तरी यांत रेम्ब्रांटची नक्कल कोठेंच सांपडत नाहीं. घेतलें आहे तें एवढेंच: उजेड कोठें संपवावा हें ज्ञान. चित्रकार काळा रंग घालून जें वगळतो तें बाईंनीं काळें कापड घालून वगळलें. १८६६ पासून त्या पंधरा इंच बाय बारा इंचांची कांच वापरीत. त्या कांचेवरून कागदावर तितकाच ठसा उठे, म्हणून मस्तक जवळजवळ खऱ्या मापाचें येई. जवळ जाण्याचें हें धैर्य त्या काळच्या धंदेवाल्यांत क्वचितच होतें. ते गृहस्थ गिऱ्हाइकाला रंगविलेल्या पडद्यापुढें, खांबाला टेकून, पायांच्या बुटांसकट उभें करीत. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या भिंतींवर तो खांब अजून दिसतो.

बाईंच्या छायाचित्रांत रेषा स्पष्ट नसतात, कांचेवर डाग व ओरखडे राहतात, असा आक्षेप तेव्हांच्या छायाचित्रणविषयक पत्रांनीं वारंवार घेतला. आक्षेप खोटा नव्हता. कांहीं कांचा त्यांनीं अधिक काळजीनें हाताळल्या असत्या तर आपलें कांहींच बिघडलें नसतें. परंतु स्पष्टपणा कोठवर असावा हें भिंगानें ठरवावयाचें नसून पाहणाऱ्यानें ठरवावयाचें आहे, ही त्यांची भूमिका होती. आणि हर्शेलच्या मुद्रेपुढें उभें राहिलें असतां ती बरोबर होती असेंच म्हणावें लागतें.

१८७४ सालीं टेनिसन यांच्या सांगण्यावरून त्यांनीं आर्थर राजाच्या कथाकाव्यांना छायाचित्रें काढण्याचें मनावर घेतलें. शेजारीपाजारी, पाहुणे, घरचे लोक यांना चिलखतें आणि झगे चढले. कॅमेरॉनसाहेब मर्लिन जादुगार झाले. त्यांना मध्येंच हसूं फुटे आणि कांच वाया जाई, अशी आठवण नमूद आहे. आर्थरच्या अखेरच्या प्रवासाच्या चित्रांत मलमलीच्या घड्यांचें पाणी केलें आहे. आमच्या संगीत रंगभूमीवर पडद्यावरची नदी पाहून कोणी तक्रार करीत नसे, कारण गाणें चालू असे. येथें गाणें नाहीं. कॅमेरा मलमलीला मलमल म्हणूनच दाखवितो, आणि राजाच्या मिशीखालचा शेजारी लपत नाहीं. तीच बाई, तेंच भिंग, तोच एका बाजूचा उजेड. तरीहि हर्शेलचें मस्तक जिवंत आणि आर्थरचा दरबार मृत, याचें कारण आमच्या मतें उघड आहे. चित्रांतून पाहण्याची रीत घेतां येते, पाहिलेला विषय घेतां येत नाहीं. हा फरक बाईंना स्वतःला शेवटपर्यंत उमगला होता असें दिसत नाहीं. १८७५ सालीं त्या सिंहलद्वीपांत राहावयास गेल्या. तेथें मेरियन नॉर्थ ही चित्रकर्ती त्यांच्याकडे उतरली असतां लंकेच्या त्या उकाड्यांत बाईंनीं तिला काश्मिरी लोकरीच्या वस्त्रांत गुंडाळून, केस मोकळे सोडावयास लावून, नारळीच्या झावळ्यांत उभें केलें. झावळ्यांचीं टोकें आपल्या डोक्याला टोचत होतीं असें नॉर्थबाईंनीं मोठ्या विनोदानें लिहून ठेविलें आहे. १८७९ सालीं कॅमेरॉनबाई तेथेंच वारल्या.

साउथ केन्सिंग्टन सर्वांनाच गांठतां येत नाहीं. पण मुंबईचें संग्रहालय तर हाताशीं आहे. ज्याची कोनशिला १९०५ सालीं बसली, जें १९२२ सालीं लोकांस खुलें झालें, आणि ज्याला आतां छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हें नांव आहे, त्या विटेटसाहेबांनीं बांधलेल्या वास्तूंत टाटा बंधूंच्या संग्रहांतून आलेलीं युरोपीय तैलचित्रें आहेत. तथापि आपल्या हौशी छायाचित्रकारानें तेथें आधीं पाहावीं तीं लघुचित्रें. मोगल, राजस्थानी, पहाडी आणि दख्खनी कलमांचे उत्तम नमुने तेथें आहेत, आणि त्यांच्यापुढें आल्यावर वर सांगितलेला उजेडाचा सारा धडा पालथा पडतो. या चित्रांत जमिनीवर पडलेली सावली बहुधा नसतेच. रात्र असली तर आकाशांत तारे असतात, सेवकाच्या हातीं मशाल असते, पण राधेचा चेहरा दिवसाइतकाच स्वच्छ दिसतो. मग छायेवर जगणाऱ्या छायाचित्रकारानें येथें काय घ्यावें?

याचें उत्तर रघुवीर सिंग यांच्या कामांत आहे. १९४२ सालीं जयपुरांत जन्मलेले व १९९९ सालीं दिवंगत झालेले हे छायाचित्रकार स्वतःच्या बळावरच ही कला शिकले. ज्या काळीं गंभीर छायाचित्र म्हटलें म्हणजे तें काळेंपांढरेंच असावें असा पाश्चात्त्य कलावंतांत दंडक होता, त्या काळीं त्यांनीं रंगीत फिल्म धरली ती सोडली नाहीं. आणि १९९८ सालच्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत, रंग हा हिंदी दृष्टीला उपरा नसून तिच्या लघुचित्रांइतकाच जुना आहे, अशा आशयाचें प्रतिपादन केलें. त्यांच्या छायाचित्रांत राजपूत राजे नाहींत, अंबारी नाहीं, कुंज नाहीं. मोटारीच्या दाराची चौकट आहे, दुकानाच्या कांचेंतलें प्रतिबिंब आहे, मुंबईच्या फुटपाथावरची गर्दी आहे. पण एकाच चौकटींत चार घटना चालू आहेत, कोणी एक नायक नाहीं, कडेला उभा असलेला माणूसहि मधल्या माणसाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि मोटारीचें दार लघुचित्रांतल्या महालाच्या खांबाप्रमाणें प्रसंगांचे कप्पे पाडीत आहे. दरबाराच्या चित्रांत शंभर माणसें एकमेकांवर न पडतां कशीं बसविलीं आहेत हें ज्यानें निवांतपणें पाहिलें आहे, त्यालाच क्रॉफर्ड मार्केटाच्या तोंडाशीं कोठें उभें राहावें तें सुचेल. मात्र आमचे कांहीं हौशी मित्र लघुचित्रांवरून घागरा नेसविलेली मुलगी झरोक्यांत बसवून छायाचित्रें काढतात. तो मलमलीच्या पाण्याचाच प्रकार होय.

येथें मोबाईलविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. संग्रहालयांत आजकाल प्रत्येक वस्तूपुढें क्षणभर थांबून, चित्र टिपून, पुढें सरकण्याची रीत पडली आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनीं या रीतीची परीक्षा करून २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना संग्रहालयांतून फिरवून कांहीं वस्तू नुसत्या पाहावयास व कांहींचें छायाचित्र घ्यावयास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं पाहिलें तों, ज्यांचें संपूर्ण छायाचित्र घेतलें त्या वस्तू कमी आठवल्या. यंत्राला आठवावयास सांगितलें म्हणजे डोळा रजा घेतो, असा याचा अर्थ लावतां येईल. परंतु याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट आढळली: वस्तूच्या एखाद्या भागाजवळ भिंग नेऊन तेवढ्याचेंच चित्र घेतलें असतां आठवण कमी झाली नाहीं, इतकेंच नव्हे, तर चित्रांत न आलेला भागहि लक्षांत राहिला. म्हणून संग्रहालयांत कॅमेरा नेऊंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. संपूर्ण चित्राची प्रत विकत मिळते, ती घ्यावी. कॅमेऱ्यानें मात्र एक हात घ्यावा, पदराचा एक कांठ घ्यावा, मूर्तीच्या ओठाचा कोपरा घ्यावा. कागदावरील चित्रांचे रंग उडूं नयेत म्हणून त्यांच्यावरील उजेड पन्नास लक्सच्या सुमारास ठेवण्याचा संग्रहालयांचा संकेत आहे, आणि फ्लॅशला बहुतेक ठिकाणीं बंदी असते. पुष्कळांना ही अडचण वाटते. मंद उजेडांत हात स्थिर ठेवून, श्वास रोखून, पुरेसा वेळ देऊन चित्र घेण्याचा सराव याहून चांगला कोठें होणार?

उजेडाचा धडा मात्र मूर्तींजवळच घ्यावा. संग्रहालयांतील मूर्तीवर विजेचा दिवा एका जागीं खिळलेला असतो. ती दहा वाजतां दिसते तशीच पांच वाजतां दिसते. घारापुरीचें मुख्य लेणें उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तिन्ही बाजूंना उघडें आहे, आणि दक्षिणेच्या भिंतींतली तीन मुखांची सदाशिवमूर्ति त्या तिन्ही उजेडांच्या ताब्यांत आहे. समोरचा उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा व शांत असतो. सकाळीं एका कडेनें आणि दुपार कलल्यावर दुसऱ्या कडेनें खांबांमधून जो उजेड आंत झिरपतो तो कधीं या गालावर तर कधीं त्या गालावर रेंगाळतो. उग्र मुखाच्या भुवईची आंठी आणि सौम्य मुखाची खालीं झुकलेली पापणी एकाच वेळीं सारख्या ठळक दिसत नाहींत. एकीसाठीं दुसरीची वेळ सोडावी लागते. हर्शेलच्या मस्तकावर कॅमेरॉनबाईंनीं जें काळ्या कापडानें साधलें तें येथें काळ्या दगडानें आणि सूर्याच्या चालीनें आपोआप साधलेलें आहे. आमच्या मित्रांनीं तेथें एक अख्खा दिवस काढावा, पहिले दोन तास कॅमेरा पिशवींतच ठेवावा, आणि परतीची शेवटची बोट किती वाजतां सुटते तें गेटवेवरच विचारून घ्यावें. सोमवारीं लेणीं बंद असतात, आणि पावसाळ्यांत बोटींचा भरंवसा नसतो.